चित्रकाराचे वेतन आणि विद्यार्थ्याचा वाटा

आजच्या एस्टोनियातील तार्तू येथील विद्यापीठाने १८९६ साली मॉस्कोतील एका अध्यापकाला प्राध्यापकाची जागा देऊ केली. कायदा आणि अर्थशास्त्र हे त्याचे विषय. मजुरांच्या वेतनावर त्याने प्रबंध लिहिलेला. वय तिशीला टेकलेले. अशा वयात अशी जागा चालून आली असता ती नाकारण्याचे धाडस आपल्याकडील किती पदवीधर करतील, हे वाचकांनीच ठरवावे. या गृहस्थाने ती नाकारली आणि चित्रकलेचे पहिले धडे गिरविण्यासाठी तो म्युनिकला निघून गेला. व्हासिली कँडिन्स्की हे त्याचे नाव. अर्थशास्त्राने एक प्राध्यापक गमावला, आणि विसाव्या शतकाला अमूर्त चित्रकलेचा एक प्रमुख प्रवर्तक लाभला.

कँडिन्स्कीच्या चरित्राकडे आज वळण्याचे कारण आपल्या वर्गांतील एका साध्या अडचणीत आहे. कलेचा इतिहास शिकविणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्यांपुढे चित्र ठेवावेच लागते. मूळ चित्र बहुधा परदेशातील एखाद्या संग्रहालयात असते. शिक्षकाजवळ असते ती त्याची छापील किंवा पडद्यावर उमटणारी प्रतिकृती. ही प्रतिकृती वर्गात दाखवावी काय, तिच्या प्रती काढून वाटाव्यात काय, प्रश्नपत्रिकेत छापावी काय, पाठ्यपुस्तकात घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणाच्या परवानगीने? या प्रश्नांबाबत आपल्याकडे दोन टोकांच्या वृत्ती आढळतात. हाती लागले ते आपलेच असे समजून चित्रकाराचे नावसुद्धा न देता चित्र उचलणारे काही आहेत. आणि कायद्याच्या नुसत्या नावाने धास्तावून चित्राच्या जागी चार ओळींचे वर्णन देऊन मोकळे होणारेही आहेत. पहिली वृत्ती चित्रकारावर अन्याय करते, दुसरी विद्यार्थ्यावर. ज्याने आयुष्यभर चित्रे काढली, आयुष्याची बरीच वर्षे विद्यार्थ्यांना शिकविले, आणि तरुणपणी श्रमाच्या मोबदल्याचा शास्त्रशुद्ध विचार केला, त्याचे चरित्र या दोहोंमधली वाट शोधण्यास उपयोगी पडेल असे वाटते.

वेतनाचा अभ्यासक

कँडिन्स्कीचा जन्म डिसेंबर १८६६ मध्ये मॉस्कोत झाला. वडील चहाचे व्यापारी, मूळचे सैबेरियाकडचे. १८७१ मध्ये हे कुटुंब काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी गेले. पुढे लवकरच आईवडील विभक्त झाले आणि मुलाचे संगोपन मुख्यतः मावशीने केले. १८८६ मध्ये तो मॉस्को विद्यापीठात दाखल झाला. अर्थशास्त्रात चुप्रोव्ह यांच्यासारखा नामांकित गुरू त्याला लाभला. वेतन जगण्यापुरत्या गरजांच्या पातळीशी जखडलेले असते, असे सांगणाऱ्या 'लोहनियमा'वर त्या काळी युरोपात मोठा वाद चालू होता. श्रमाचा न्याय्य मोबदला कोणता, हा प्रश्न कँडिन्स्कीने याच वातावरणात हाताळला.

योगायोग असा की, त्याच १८८६ साली बर्न येथे लेखक-कलावंतांच्या हक्कांसंबंधीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कलाकृतीवर तिच्या कर्त्याचा हक्क सीमेपलीकडेही मानला जावा, हे तत्त्व या कराराने प्रस्थापित केले. आणि त्याच करारात, शिक्षणासाठी प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांत अशा कृतींतील काही भाग घेऊ द्यावा की नाही हे प्रत्येक देशाने आपल्या कायद्याने ठरवावे, अशीही मुभा ठेवली. शैक्षणिक सवलत ही नंतर कोणी मागून घेतलेली भीक आहे, असा समज असणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हक्क आणि सवलत एकाच दस्तऐवजात जन्मली.

१८८९ मध्ये एका संशोधन मोहिमेवर कँडिन्स्की उत्तर रशियातील व्होलोग्दा प्रांतात गेला. शेतकऱ्यांचे रूढ कायदे आणि तेथील जमातीच्या धर्मसमजुती हा अभ्यासाचा विषय. तेथील लाकडी घरांत भिंती, कपाटे, पेट्या, सारे काही भडक रंगांच्या नक्षीने भरलेले होते. त्या घरांत शिरताना आपण एखाद्या चित्रातच प्रवेश करीत आहोत असा भास त्याला झाला, आणि हा अनुभव पुढे त्याला जन्मभर पुरला. शेतकऱ्यांच्या न्यायपद्धतीची टिपणे करण्यास गेलेला हा विद्यार्थी रंगांचे ऋण घेऊन परतला.

१८९५ मध्ये मॉस्कोतील कुशनेरेव्ह या छापखान्यात त्याने कलाविभागाचे काम पत्करले. चित्राची प्रतिकृती कशी तयार होते, रंगांचे छपाईत काय होते, हे त्याने तेथे प्रत्यक्ष पाहिले. पुढच्याच वर्षी मॉस्कोत फ्रेंच चित्रांचे प्रदर्शन भरले. त्यात मोनेचे गवताच्या गंजीचे एक चित्र होते. चित्रात काय आहे ते कँडिन्स्कीला प्रथम उमगेना. गंजी आहे हे त्याला सूचीपत्रात वाचून कळले. आधी तो खट्टू झाला. मग त्याच्या ध्यानात आले की, वस्तू ओळखू न येताही चित्राने मनाची पकड घेतली आहे. वस्तू वगळली तरी चित्र उरते काय, हा प्रश्न येथे उभा राहिला. तार्तूची नोकरी नाकारली गेली ती याच वर्षी.

इतरांच्या चित्रांचा आधार

म्युनिकमध्ये त्याने आधी अँटोन आझ्बे यांच्या खाजगी शाळेत आणि नंतर फ्रान्झ फॉन श्टुक यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. १९०१ मध्ये त्याने 'फालँक्स' ही कलावंतांची संस्था काढली आणि तिच्या शाळेत तो शिकवूही लागला. गाब्रिएले म्युन्टर ही तेथील त्याची विद्यार्थिनी. पुढे ती त्याची सहचरी झाली. १९०९ मध्ये तिने आल्प्सच्या पायथ्याशी मुर्नाऊ येथे घर घेतले. त्या भागात काचेच्या मागील बाजूने चित्र रंगविण्याची जुनी लोककला होती. दोघेही अशी काचचित्रे जमवू लागली आणि स्वतःही काचेवर चित्रे काढू लागली. मुर्नाऊच्या टेकड्या, चर्चचा मनोरा, घोडेस्वार कँडिन्स्कीच्या चित्रांत हळूहळू विरघळू लागले. रंग आणि रेषा पुढे आल्या.

याच काळातला एक प्रसंग त्याने नमूद करून ठेवला आहे. एके दिवशी सांजवेळी तो आपल्या चित्रशाळेत शिरला आणि भिंतीशी टेकवलेले एक अपरिचित, विलक्षण सुंदर चित्र त्याला दिसले. त्यात ओळखीची एकही वस्तू नव्हती. जवळ जाऊन पाहतो तो चित्र त्याचेच, आडवे टेकवून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी उजेडात तोच परिणाम साधण्याचा त्याने प्रयत्न केला. पण आता वस्तू ओळखू येत होत्या आणि जादू नाहीशी झाली होती. अमूर्तकलेचा आद्य पुरुष कोण याबद्दल मतभेद आहेत. स्वीडनमधील हिल्मा आफ क्लिंट हिने १९०६ पासूनच अशी चित्रे काढावयास घेतली होती, हे आता सर्वमान्य आहे. परंतु अमूर्त चित्र का काढावे याची सुसंगत मांडणी करून ती सामान्य वाचकापर्यंत नेण्याचे श्रेय कँडिन्स्कीला द्यावेच लागते. कलेतील आध्यात्मिकतेविषयीचे त्याचे पुस्तक १९११ च्या अखेरीस निघाले आणि १९१४ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे ठरते ते दुसरे पुस्तक. १९१२ मध्ये फ्रान्झ मार्क या मित्राबरोबर कँडिन्स्कीने 'निळा घोडेस्वार' या नावाचा वार्षिकसंग्रह संपादित केला. त्यात शंभराहून अधिक प्रतिकृती होत्या. बव्हेरियातील काचचित्रे, रशियन लोकचित्रे, इजिप्तच्या छायानाट्यातील आकृत्या, आफ्रिकेतील व पॅसिफिक बेटांवरील शिल्पे, लहान मुलांची चित्रे, आणि त्यांच्याच मांडीला मांडी लावून सेझान, व्हॅन गॉग, पिकासो, मातिस. एका पानावर व्हॅन गॉगने काढलेले डॉक्टर गाशेचे व्यक्तिचित्र आणि समोर जपानी ठशाचे चित्र, अशी मांडणी होती. लेखांनी सांगावयाचे ते या शेजारांनीच अर्धेअधिक सांगून टाकले. नव्या कलेचे शिक्षण युरोपला द्यावयाचे तर इतरांची चित्रे समोरासमोर ठेवावी लागतील, हे कँडिन्स्कीने ओळखले होते. बर्लिनचे उद्योजक बर्नहार्ट कोहलर यांनी खर्चाचा भार उचलला म्हणून हे पुस्तक निघू शकले, इतकी चित्रे छापणे त्या काळी महाग होते.

प्रतिकृतीचे मोल याहून कठोर रीतीनेही सिद्ध झाले. कँडिन्स्की आपल्या सर्वांत महत्त्वाकांक्षी चित्रांना 'रचना' म्हणत असे. अशा दहाच रचना त्याने केल्या. त्यांतील सातवी, दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद, तिशीहून अधिक कच्च्या आराखड्यांनंतर नोव्हेंबर १९१३ मध्ये अवघ्या चार दिवसांत पुरी झाली. चित्र घडत असताना म्युन्टरने त्याच्या टप्प्याटप्प्यांची छायाचित्रे घेतली. म्हणूनच ते कसे घडले हे आज शिकविता येते. ही रचना मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात सुरक्षित आहे. पहिल्या तीन रचना मात्र दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाल्या. आज त्या पाहावयाच्या तर काळ्यापांढऱ्या छायाचित्रांतूनच. ज्यांनी कधी काळी कॅमेरा रोखला ते नसते, तर तीन श्रेष्ठ चित्रे नुसत्या नावाने उरली असती.

शिक्षक कँडिन्स्की

१९१४ मध्ये महायुद्ध पेटताच रशियन नागरिक म्हणून त्याला जर्मनी सोडावी लागली. मॉस्कोला परतल्यावर १९१७ मध्ये त्याने नीना आंद्रेयेव्स्काया हिच्याशी विवाह केला. क्रांतीनंतर शिक्षणखात्यात त्याने काम केले. चित्रे विकत घेऊन ती प्रांतोप्रांती पोहोचविण्याच्या कार्यात तो होता, आणि राजधानीबाहेरील २२ संग्रहालयांच्या उभारणीत त्याने हातभार लावला. एखाद्या दूरच्या शहरातील विद्यार्थ्याला चांगले चित्र पाहावयास मिळावे, ही सार्वजनिक जबाबदारी आहे असे मानणारा हा माणूस होता. पण क्रांतीच्या शासनाला लवकरच कारखान्यांना उपयोगी पडणारी कला हवीशी झाली, आणि १९२१ च्या अखेरीस तो बर्लिनला आला.

१९२२ मध्ये वॉल्टर ग्रोपियस यांनी त्याला वायमार येथील बाउहाउस या शाळेत बोलाविले. पुढली ११ वर्षे तो तेथे शिकवीत होता. वायमार, मग देसाऊ आणि शेवटी बर्लिन. भित्तिचित्रांचा कर्मशाळावर्ग त्याच्याकडे होता आणि रूपरचनेचे मूलभूत पाठही तो देई. १९२३ मध्ये त्याने एक प्रश्नावली फिरवली. त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ यांना पिवळा, लाल आणि निळा यांपैकी कोणता रंग शोभतो, असा प्रश्न होता. त्याच्या स्वतःच्या मते तीक्ष्ण त्रिकोण पिवळा, स्थिर चौकोन लाल आणि खोल वर्तुळ निळे. १९२६ मध्ये बिंदू, रेषा आणि पृष्ठ यांवरील त्याचे पुस्तक निघाले. तेही एका शिक्षकाचेच पुस्तक आहे. मुद्दा स्पष्ट करण्यासाठी त्याने तारकागुच्छाच्या छायाचित्रासारखी शास्त्रीय चित्रेही त्यात बेलाशक घेतली आहेत.

चित्रकाराच्या पोटापाण्याचा प्रश्न याही काळात सुटलेला नव्हता. ब्राउनश्वाइगचे व्यापारी ओटो राल्फ्स यांनी १९२५ मध्ये कँडिन्स्कीच्या चाहत्यांचे एक मंडळ स्थापिले. सभासदांनी ठराविक वर्गणी भरावयाची आणि वर्षाला एकेक जलरंगचित्र घ्यावयाचे, अशी ती योजना. आपल्याकडच्या भिशीची आठवण व्हावी असाच हा प्रकार. चित्रकाराचे वेतन येते ते अशा माणसांकडून. आणि अशी माणसे तयार होतात ती चित्रे पाहून, पुस्तके वाचून, कोणीतरी समजावून दिल्याने.

आपल्या देशाशीही कँडिन्स्कीचा संबंध येतो. डिसेंबर १९२२ मध्ये इंडियन सोसायटी ऑफ ओरिएंटल आर्टने कलकत्त्यात भरविलेल्या प्रदर्शनात बाउहाउसच्या कलावंतांच्या कृती आल्या होत्या. त्यांत कँडिन्स्की आणि पॉल क्ले यांचा समावेश होता. शांतिनिकेतनात शिकविणाऱ्या स्टेला क्रामरिश यांच्या पत्रव्यवहारातून हा योग जुळून आला. मात्र असे योग विरळाच. मुंबईत १९४० च्या दशकात जी पिढी आधुनिक चित्रकलेकडे वळली, तिला युरोपची नवी चित्रे मुख्यतः छापील प्रतिकृतींतून भेटली. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे कलासंचालक वॉल्टर लँगहॅमर यांच्या घरी तरुण चित्रकार जमत आणि त्यांच्या संग्रहातील प्रतिकृती पाहत. ती पाने त्या काळी कुलुपात राहिली असती, तर आपल्या आधुनिक चित्रकलेची वाट कितीतरी अधिक लांबची झाली असती.

दडविलेली चित्रे

१९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले आणि वर्षाच्या अखेरीस कँडिन्स्की पॅरिसजवळच्या न्यूयी येथे राहावयास गेला. जर्मन संग्रहालयांतून त्याच्या ५७ कृती जप्त करण्यात आल्या. १९३७ मध्ये म्युनिकला भरविलेल्या 'अधःपतित कले'च्या प्रदर्शनात त्याचीही चित्रे टवाळीसाठी टांगली गेली. मुर्नाऊच्या घरात म्युन्टरने मात्र, संबंध तुटून कैक वर्षे लोटली असताही, त्याची जुनी चित्रे तळघरात दडवून सांभाळली. १९५७ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, तिने तो सारा ठेवा म्युनिक शहराला देऊन टाकला.

पॅरिसमध्ये त्याला ग्राहक थोडे होते. जाँ ब्युशे या बाईंच्या कलादालनात त्याची प्रदर्शने झाली. पण तेथील रसिकांच्या मनावर पिकासोसारख्यांचे राज्य होते. १९३९ मध्ये तो फ्रान्सचा नागरिक झाला. युद्धाच्या टंचाईत मोठे कापड मिळेना, तेव्हा लहान फळ्यांवर तो चित्रे काढीत राहिला. १३ डिसेंबर १९४४ रोजी, पॅरिस मुक्त झाल्यावर चार महिन्यांच्या आत, न्यूयी येथे त्याचे निधन झाले. पीट मॉन्द्रियान आणि हिल्मा आफ क्लिंट यांचेही मृत्युवर्ष तेच. नीनाने नंतर साडेतीन दशके त्याच्या चित्रांची आणि हक्कांची राखण केली. फार मोठा संग्रह तिने पॅरिसच्या पाँपिदू केंद्राकडे सोपविला. १९८० मध्ये तिचाही मृत्यू झाला.

हक्काची मुदत आणि तिचे अर्थशास्त्र

चित्रकार गेल्यावर त्याच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क किती काळ टिकावा? आपल्या १९५७ च्या कायद्यात मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती. रवींद्रनाथांच्या कृतींवरील हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता, म्हणून १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० वर्षे करण्यात आली. रवींद्रनाथांसाठी वाढलेल्या या दहा वर्षांचा लाभ कँडिन्स्कीच्या वारसांनाही मिळाला, आणि भारतात त्याच्या चित्रांवरील हक्क २००४ च्या अखेरीस संपुष्टात आला. युरोपात मुदत ७० वर्षांची असल्याने तेथे २०१४ चा शेवट उजाडावा लागला. अमेरिकेत जुन्या कृतींची मोजणी प्रसिद्धीच्या वर्षापासून ९५ वर्षे अशी होत असल्याने, त्याच्या अखेरच्या काळातील चित्रांविषयी तेथे अजूनही प्रश्न निघू शकतो. एकच चित्र, एकच चित्रकार. परंतु मुंबईत मोकळे ते न्यूयॉर्कमध्ये बांधलेले असू शकते.

या हक्काचे अर्थशास्त्र थोडक्यात सांगता येते. भाकरी एकाने खाल्ली की दुसऱ्याला उरत नाही. चित्र एकाने पाहिल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाही. म्हणून चित्र पाहू देण्याचा जादा खर्च जवळजवळ शून्य असतो. पण सर्वांनाच सारे फुकट मिळाले तर चित्रकाराच्या श्रमाला मोल मिळत नाही. यासाठी समाज काही वर्षे कुंपण घालून देतो. हे कुंपण म्हणजे वेतनाची तजवीज आहे. ती शेतजमिनीसारखी कायमची वतनदारी नव्हे. लिलावातील किमतींशी तर तिचा संबंधच नाही. कँडिन्स्कीने १९१० मध्ये रंगविलेले मुर्नाऊचे एक चित्र २०२३ मध्ये लंडनला ३ कोटी ७२ लाख पौंडांना विकले गेले. हे मोल मूळ वस्तूचे आहे. शाळेच्या पुस्तकातील हातभर प्रतिकृतीने त्यात एका पेनीचीही घट होत नाही. झालीच तर भर पडते.

आता चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाचा विचार करावा. एका तासाकरिता एक चित्र दाखविण्यासाठी शिक्षकाने हक्कधारकाचा पत्ता शोधावा, परदेशी पत्र धाडावे, शुल्क भरावे आणि उत्तराची वाट पाहावी, असे म्हटले तर व्यवहाराचा खर्च चित्रकाराला मिळणाऱ्या रकमेहून कितीतरी अधिक होईल. परिणामी शिक्षक चित्र दाखविणारच नाही. विद्यार्थ्याचे नुकसान झाले आणि चित्रकाराच्या पदरीही काही पडले नाही, असा हा उभयपक्षी तोटा. शैक्षणिक सवलतीचे समर्थन दयाबुद्धीवर अवलंबून नाही. ते या हिशेबावर उभे आहे.

आपल्या कायद्याने हा हिशेब ओळखला आहे. ५२ व्या कलमानुसार खाजगी अभ्यास, संशोधन, टीका आणि समीक्षा यांसाठी न्याय्य वापर मान्य आहे. शिवाय शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली, तसेच परीक्षेतील प्रश्न वा उत्तरे यांत आलेली कोणत्याही कृतीची प्रतिकृती हक्कभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठात पुस्तकांतील प्रकरणांच्या छायाप्रतींचे संच विद्यार्थ्यांना देण्यावरून प्रकाशकांनी खटला भरला, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ही सवलत केवळ तासाभराच्या व्याख्यानापुरती नसून संपूर्ण अध्यापनक्रमाला लागू आहे, आणि शिक्षणाच्या हेतूला किती आवश्यक आहे हीच तिची मर्यादा, असा अर्थ लावला. तो वाद पुस्तकांचा होता. पण कलमातील शब्द कोणत्याही कृतीला लागू पडतात, त्यात चित्र आलेच.

किती घ्यावे, हा प्रश्न अमूर्त चित्राच्या बाबतीत वेगळ्याच तऱ्हेने उभा राहतो. कादंबरीतील एक उतारा घेऊन तिच्या शैलीची चर्चा करता येते. कथानक चार वाक्यांत सांगता येते. मोनेच्या चित्रात गंजी आहे एवढे तरी शब्दांत सांगता येते. सातव्या रचनेत काय आहे, हे कोणत्या शब्दांत सांगणार? तिचा कोपरा कापून दाखविला तर तोल नाहीसा होतो, आणि तोल हाच तर तिचा विषय. रंग काढून छापली तर पिवळा आणि निळा यांतील तो ताण करड्या छटांत बुडून जातो. त्यामुळे अमूर्त चित्राबाबत पूर्ण चित्र, रंगांसह आणि सुलट बाजूने दाखविणे हाच किमान न्याय्य वापर होय. थोडे घेतले म्हणून न्याय्य आणि सगळे घेतले म्हणून अन्याय्य, ही शब्दांच्या कृतींसाठी घडविलेली फूटपट्टी येथे लावू नये.

पाठ्यपुस्तकाची गोष्ट निराळी आहे. अध्यापनासाठीच्या संग्रहात हक्काधीन मजकूर घेण्याची जी मुभा कायद्यात आहे, ती साहित्य आणि नाट्य यांतील छोट्या उताऱ्यांपुरती आहे. चित्रांचा तेथे उल्लेख नाही. कँडिन्स्कीची चित्रे आज भारतात मोकळी आहेत, तेव्हा ती न छापण्यास कोणतीच सबब उरलेली नाही. पण नागपुरात जन्मलेले, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घडलेले वासुदेव गायतोंडे २००१ मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांवरील हक्क २०६१ च्या अखेरपर्यंत चालेल. आपल्या मातीतला हा श्रेष्ठ अमूर्त चित्रकार मराठी विद्यार्थ्याला वर्गात खुशाल दाखविता येईल. पुस्तकात छापावयाचा तर परवानगी हवी, आणि ती मागणे योग्यच आहे. पाठ्यपुस्तकाच्या लाखो प्रती निघतात. त्यात चित्राचे वाजवी शुल्क प्रतीमागे पैशांत मोजण्याइतके अल्प पडेल. जेथे छपाई मोठी आणि विक्री नक्की, तेथे चित्रकाराचे वेतन टाळण्याचे कारण नाही. परवानगी मिळत नाही किंवा हक्कधारक सापडत नाही, अशा प्रसंगासाठी ठरीव शुल्क भरून चित्र घेण्याची सोय कायद्यात करावी, ही मागणी शिक्षकांच्या संघटनांनी अवश्य लावून धरावी. बाजारातील मार्गदर्शके आणि खाजगी शिकवण्यांच्या जाहिराती यांना मात्र शिक्षणाचे नाव पुढे करून चित्र उचलता येऊ नये.

मुदत संपली, शुल्क माफ झाले, तरी एक देणे उरतेच. चित्राखाली चित्रकाराचे नाव, चित्राचे वर्ष आणि ते कोठे आहे याची नोंद असावी. चित्र कापू नये, उलटे छापू नये. भिंतीशी आडवे टेकलेले आपलेच चित्र पाहून कँडिन्स्कीला नवी दृष्टी लाभली, हा त्याचा अधिकार. आपल्या पुस्तकांत ते आडवे छापले गेले तर तो केवळ निष्काळजीपणा होय.

मजुराचे वेतन किती असावे, या प्रश्नाचे उत्तर त्याने अर्ध्यावर सोडले आणि तो चित्रकार झाला. त्याच्या पुढील आयुष्याने मात्र त्या उत्तरात एक मोलाची भर घातली. मोनेचे चित्र त्याला प्रदर्शनात दिसले, शेतकऱ्यांचे रंग त्यांच्या घरात, लोककला काचेवर. यांपैकी कोणी त्याच्यापुढे दार लावले असते तर पुढचा कँडिन्स्की घडला नसता. चित्रकाराचे वेतन समाजाने चुकते करावे. पण त्या वेतनात पुढच्या चित्रकारांना, पुढच्या रसिकांना पाहावयास मिळण्याचा वाटा आधीच धरलेला असतो. तो वाटा विद्यार्थ्याचा आहे. कायद्याने तो दिला आहे. शिक्षकांनी तो संकोच न बाळगता आणि चित्रकाराचे नाव न विसरता विद्यार्थ्यांच्या पदरात घालावा.